आवाज चढवायच्या आधी: भावनिक बुद्धिमत्ता आणि माणसं चालवायची आपली पद्धत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून नग बनवणाऱ्या कारखान्यात, मी सुपरवायझर होतो तेव्हाची गोष्ट. पंप बॉडीच्या लॉटमध्ये एकामागून एक ब्लो होल, म्हणजे वाफेनं नगात पडलेली भोकं, निघत होते. ओतलेले नग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्यांनी चाळीसातले अकरा नग बाजूला काढून ठेवलेले, आणि गिऱ्हाइकाची गाडी दुपारी येणार. नगाच्या आतली पोकळी धरणारे वाळूचे कोअर जिथं बनवून भाजतात त्या कोअर शॉपमध्ये मी तडक गेलो आणि तिथल्या माणसाला चारचौघांदेखत झाडलं. तो बैलहोंगलकडचा, घरी-दारी कन्नड बोलणारा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्यानं मान वर केली नाही. हातातली कोअर पेटी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "आतरी." म्हणजे झालं, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मला वाटलं, एवढंसं बोललं तर लागतंय कशाला? आपण काय खोटं बोललो काय?

त्या माणसाकडं शेवटी परत येतो. आधी मुद्द्याचं.

भावनिक बुद्धिमत्ता म्हटलं की आपल्याकडं लोकांना दोन गोष्टी आठवतात: गोड गोड बोलणं, नाहीतर हॉटेलच्या हॉलमधलं ते एक दिवसाचं ट्रेनिंग, ज्याच्या शेवटी ग्रुप फोटो असतो. दोन्ही सोडून द्या. पीटर सालोव्हे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ही कल्पना नीट मांडली, आणि 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकानं ती जगभर पोचवली. कामापुरता अर्थ एवढाच: आपल्या आत काय चाललंय ते ओळखणं, ते आवरणं, समोरच्याच्या आत काय चाललंय ते ओळखणं, आणि या तिन्हींच्या जोरावर माणसांशी नीट वागणं.

याच गोलमन यांनी 2000 मध्ये नेतृत्वाच्या सहा पद्धती सांगितल्या. हुकूम सोडणारा, दिशा दाखवणारा, माणसं जोडणारा, सगळ्यांना विचारणारा, स्वतः पुढं पळून इतरांना पळवणारा आणि शिकवणारा. त्यामागं 3,871 व्यवस्थापकांची माहिती होती. त्यात पहिली आणि पाचवी पद्धत वातावरण बिघडवताना दिसली, बाकीच्या चार सुधारताना. हे व्यवस्थापक वरच्या पदांवरचे होते, भट्टीसमोर उभे राहणारे नव्हेत, हे ध्यानात ठेवूनच मी तो आकडा घेतो. बुद्धीपेक्षा भावनिक बुद्धिमत्ताच जास्त चालते, या दाव्यावर तर बऱ्याच संशोधकांनी टीका केली आहे, आणि ती मला पटते. ज्याला ड्रॉइंग वाचता येत नाही त्याला सहानुभूती वाचवत नाही.

पण गोलमन यांच्या मांडणीतला एक मुद्दा मला शेडमध्ये रोज खरा ठरताना दिसला. पद्धत म्हणजे स्वभाव नव्हे. "मी असाच आहे ओ, तोंडानं फटकळ, मनानं चांगला" असं म्हणणारे आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडं एकच पद्धत असते आणि ती ते सगळीकडं चालवतात: कारखान्यात, मंडळात, पतसंस्थेच्या मीटिंगमध्ये, घरातसुद्धा. प्रसंग बघून पद्धत बदलता यावी म्हणून तर भावना ओळखायच्या. त्या कशा, ते पायरी पायरीनं सांगतो.

पहिली पायरी: आठवडाभराची वही

शाळेची चाळीस पानी वही घ्या. मोबाइलवर नको. तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घातलेलं बघून माणसं वेगळाच अर्थ काढतात. पानावर चार रकाने आखा: वेळ, काय घडलं, मला आत काय झालं, मी काय केलं. दिवसाला तीन नोंदी पुरे. माझ्या वहीतल्या दोन देतो.

"11.40. मालकांचा फोन, गाडी कुठं अडकली म्हणून. पोटात गोळा. फोन ठेवला आणि हेल्परला ट्रॉली मधे लावली म्हणून ओरडलो. ट्रॉली रोज तिथंच असते."

"4.15. मोल्डिंगच्या पोरानं माझं ऐकायच्या आधी जुन्या मिस्त्रीला विचारलं. कान तापले. काही बोललो नाही, पण जाताना त्याचा ओव्हरटाइम कापला."

दुसरी नोंद लिहून झाल्यावर मी वही मिटून ठेवली होती. आपण आपल्याला किती न्यायी समजतो आणि पेननं किती वेगळं निघतं!

आठवडा झाला की वही सलग वाचा. तिसऱ्या रकान्यात तेच तेच शब्द येताना दिसतील, आणि वेळाही ठरलेल्या असतील. माझं बहुतेक बिनसणं अकरा ते एकच्या दरम्यान आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी फोननंतर. म्हणजे पोरं त्या दोन तासांतच जास्त चुका करत होती असं नाही. शरीराच्या खुणाही लिहून ठेवा. कुणाचे कान तापतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणाचं बोलणं एकदम हळू आणि धारदार होतं. ही खूण भावनेचं नाव सुचायच्या आधी येते, म्हणून तीच जास्त कामाची.

दुसरी पायरी: रागाला त्याचं खरं नाव

तिसऱ्या रकान्यात सुरुवातीला सगळीकडं "राग" असंच येईल. आपल्याला, विशेषतः पुरुषांना, तेवढीच एक भावना उघड दाखवायची मुभा असते ना. खोडून पुन्हा लिहा. पहिल्या नोंदीत माझा राग नव्हता, धास्ती होती. दुसरीत अपमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही, कारण जुन्या मिस्त्रीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आपल्या बेळगावात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे "बेजार". मराठी असो, कन्नड असो, दोघंही दिवसातून दहा वेळा म्हणतात, बेजार झालंय. कंटाळा आला तरी बेजार, पगार उशिरा झाला तरी बेजार, घरात कुणी वारलं तरी बेजारच. शब्द गोड आहे, पण वहीत तो आला की त्याला फोडा. थकलोय, की दुखावलोय, की आता काही होणार नाही असं वाटतंय? तिन्हींवरचं औषध वेगळं.

भावनेला नुसतं नाव दिल्यानंही फरक पडतो. 2007 मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं. रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं बघताना त्या भावनेसाठी शब्द निवडला की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, म्हणजे अमिग्डालाची, हालचाल कमी होत होती. शेडमध्ये याचा वापर साधा: मनात म्हणायचं, "ही धास्ती आहे, या पोराचा यात काही संबंध नाही."

तिसरी पायरी: मधली जागा

खूण कळली, नाव कळलं, आता तोंड उघडायच्या आधी थोडी जागा करायची. दहापर्यंत आकडे मोजा वगैरे मला कधी जमलं नाही. जमलं ते हे: पहिलं वाक्य प्रश्नाचं असलं पाहिजे, आणि तो प्रश्न "का"नं सुरू व्हायचा नाही. "का केलंस असं?" हा प्रश्न नसतोच, ती फिर्याद असते. "हा नग कितव्या ओतणीचा?", "कोअर ओव्हनमधनं कधी निघाला?" असे प्रश्न विचारा. उत्तर ऐकेपर्यंत अर्धा मिनिट जातो आणि माहिती मिळते ती वेगळीच.

मधली जागा म्हणजे गिळून टाकणं नव्हे. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं की चेहरा कोरा ठेवून भावना दाबली तरी आतला ताण कमी होत नाही. घटनेकडं बघायची नजरच आधी बदलली तर ताण खरोखर उतरतो. रोज गिळणारा सुपरवायझर शनिवारी कुठल्यातरी भलत्याच गोष्टीवर फुटतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

चौथी पायरी: समोरच्याला वाचणं

इथं जरा थांबतो, कारण सीमाभागात ही पायरी पुण्या-मुंबईपेक्षा अवघड आणि जास्त मजेची आहे.

एका शिफ्टमध्ये कोण कोण असतं? खानापूरच्या जंगलपट्ट्यातनं पहाटेची बस धरून आलेला, अनगोळ-वडगावचा, निपाणीचा, आणि बैलहोंगल-गोकाककडचा. सुपरवायझर मराठी असेल तर निम्म्यांशी तो मनातलं बोलतो आणि निम्म्यांशी कामापुरतं. त्याला स्वतःला हे कळत नाही, पण त्या निम्म्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं असतं. मराठी पोराला "काय रे बाळ, जेवलास का?" आणि कन्नड पोराला "ए, कोअर कुठाय?" मी कित्येक महिने असंच केलं.

उपाय महागडा नाही. "उटा आतेनरी?" म्हणजे जेवण झालं का, एवढं आपल्याला सगळ्यांना येतं. त्यातला तो "री" विसरू नका, तो आपल्या "ओ"सारखा मान देणारा आहे. मोडकं बोललं तरी चालतं. हसतील, हसू देत. माणूस आपल्या भाषेत चुकायला तयार आहे हे दिसलं की समोरचा त्याच्या चुका सांगायला थोडा मोकळा होतो.

आता होकार ओळखायला शिका. "होय की" म्हणजे ऐकलं. "बघू की" म्हणजे बहुतेक नाही. "करतो की" म्हणजे करेल, पण कधी ते विचारलं पाहिजे. आणि "आतरी" म्हणून मान खाली गेली तर तो होकार नसतो, दार बंद झालेलं असतं. सूचना दिल्यावर "कळलं का?" असं विचारूच नका. कुणी नाही म्हणत नाही. "आता पहिलं काय करणार?" असं विचारा.

गैरहजेरीलाही वाचावं लागतं. जुलैत खानापूरकडचा माणूस दोन दिवस गायब झाला तर तो कामचुकार नाही, रोप लावणी चालू आहे. गावात लक्ष्मीची यात्रा असेल तर ती बऱ्याच वर्षांनी येते आणि पाहुण्यांनी घर भरतं. तिथं रजा नाकारून तुम्ही उत्पादन वाचवत नाही, फक्त खोटं आजारपण विकत घेता. वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर गाव आणि यात्रा लिहून घ्या.

आणि 1 नोव्हेंबर. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तो दिवस. एका बाजूला कर्नाटकचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. शेडमध्ये दोन्हीकडची माणसं असतात आणि दोघांच्याही मनात खरंच काहीतरी असतं. माझंही असतं, ते नाकारत नाही. पण सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो कोअर शॉपमध्ये निकाली निघणार नाही. मी एवढंच पाळलं: रजेचे अर्ज आठवडाभर आधी घ्यायचे, दोन्ही बाजूंना एकच नियम लावायचा, आणि त्या दिवशी कुणी टोमणा मारला तर तो आपल्या भाषेतला असला तरी पहिल्यांदा थांबवायचा. आपल्या माणसाला थांबवल्याचं दुसरे बघत असतात.

पाचवी पायरी: प्रसंगाप्रमाणे पद्धत

आता सहा पद्धतींकडं. सगळ्यांवर सारखं बोलण्यात अर्थ नाही. काही आपल्याला येतात, काही येत नाहीत.

हुकमाची पद्धत वाईट नव्हे. वितळलेलं लोखंड घेऊन लॅडल, म्हणजे ओतायचं मोठं भांडं, निघाला की त्या लोखंडाचं तापमान 1,300-1,400 अंश सेल्सिअसच्या घरात असतं. तिथं "तुम्हाला काय वाटतं ओ?" विचारणारा सुपरवायझर धोकादायक. "थांब! मागं हो!" एवढंच, आणि जोरात. मुद्दा असा की लॅडल रिकामा झाला की तो आवाजही खाली ठेवायचा. आपण तो जेवणाच्या सुट्टीत घेऊन जातो आणि संध्याकाळी घरी.

हुकमाचा दुसरा तोटा जुन्या प्रयोगात दिसला आहे. 1939 मध्ये कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर तो केला. हुकूमशाही पद्धतीच्या गटात मोठा माणूस समोर असेपर्यंत काम चालायचं आणि तो खोलीबाहेर गेला की घसरायचं. सगळ्यांना विचारून चालणाऱ्या गटात तो बाहेर गेला तरी काम चालूच राहायचं. ज्यानं रात्रपाळी पाहिली आहे त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

स्वतः पुढं पळणं हा चांगल्या कारागिराला जडणारा रोग. लेथवर सगळ्यात हुशार म्हणून त्याला सुपरवायझर केलं, आणि आता तो दुसऱ्याचा हात बघू शकत नाही. "सरक बाजूला, मी करतो." चार वेळा असं झालं की पोरं आपणहून बाजूला सरायला शिकतात, आणि हा सगळीकडं सांगत फिरतो, माझ्याकडं माणसंच नाहीत. हे तुम्ही करत असाल तर शिकवण्याची पद्धत मुद्दाम धरा. हात मागं बांधून उभे राहा. खरंच बांधा, पाठीमागं एकात एक अडकवून. एका माणसाला एक काम, त्याची एक चूक, आणि ती त्यालाच शोधू द्यायची. वेळ जातो. डिस्पॅचच्या दिवशी करू नका, सोमवारी करा.

सगळ्यांना विचारण्याची पद्धत शिकायची असेल तर कारखान्याबाहेर शिका. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथ काढणाऱ्या मंडळात चार दिवस काम करा. तिथं कुणाचा पगार तुमच्या हातात नाही. कारखान्यात वाघ असलेला माणूस मंडळात "ए, तो पडदा लाव" म्हणतो आणि पोरं चहाला निघून जातात. तिथं विचारावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं, न पटलेल्या कल्पनेलाही मान द्यावा लागतो, आणि रात्री दोनला थकलेल्या पोरासाठी स्वतः भजी आणावी लागतात. गावोगावच्या स्त्रीशक्ती संघांतल्या बायका हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. एकीचा हप्ता थकला तर तिला सांभाळूनही घ्यायचं आणि वसूलही करायचं. मला कुणी विचारलं तर सुपरवायझरांना ट्रेनिंगला हॉटेलात न पाठवता अशा मीटिंगमध्ये मागं बसवावं.

माणसं जोडणं कुणाचा अपघात झाला, घरी कुणी गेलं, तेव्हा लागतं. बोलायचं फार नसतं, जायचं असतं. आणि दिशा दाखवणं म्हणजे भाषण नव्हे. हा नग कुठल्या पंपात बसतो, तो पंप कुठल्या शेतात जातो, हे कोअर शॉपमधल्या माणसाला एकदा प्रत्यक्ष दाखवा. त्याच्या शेतातही पंप असतोच.

सहावी पायरी: कानउघाडणी

एकट्याला बोलावून, त्याच दिवशी, एकाच गोष्टीबद्दल. "तू नेहमीच" हा शब्द आला की संपलं. काय झालं ते सांगा, त्यानं काय नुकसान झालं ते सांगा, मग गप्प बसा. गप्प बसणं हाच कठीण भाग. समोरचा बोलेपर्यंत थांबा, त्याला वेळ लागतो, विशेषतः तो मनात कन्नडमधून मराठीत आणत असेल तर.

सातवी पायरी: मोजायचं काय

कुणी म्हणेल, हे सगळं मनाचं, याला मोजमाप कुठं? आहे. वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात आणि कुणाकडून पोचते, ते तीन महिने लिहा. मशीन बिघडलं तर चालवणाऱ्याकडून लगेच कळतं, की दुसऱ्या दिवशी स्टोअरवाल्याकडून? रिजेक्शनचा आकडा तर बघाच, पण त्याला दहा कारणं असतात. बातमीला एकच असतं: सांगणाऱ्याला तुमची भीती वाटते की नाही.

आठवी पायरी: माफी

हे एवढं करूनही आवाज चढणारच. तेव्हा झाडलं जितक्या लोकांदेखत, माफी तितक्याच लोकांदेखत. "पण तूही" हे शब्द त्यात नकोत. चहा पाजून, पाठीवर थाप मारून भागवू नका. ती माफी नसते, मिटवामिटवी असते.

कोअर शॉपमधला तो माणूस चौथ्या दिवशी आला. सकाळच्या चहाला तेच चारजण उभे होते. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणालो, त्या दिवशी मी असं बोलायला नको होतं, चूक माझी. वाक्य अर्ध्यात अडकलं, उरलेलं मराठीत सांगितलं. तो थोडा वेळ ग्लासाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "इरली बिडरी." असू दे, सोडा.

अर्ध्या तासानं तो आपणहून मला ओव्हनकडं घेऊन गेला आणि मागचं झाकण उघडून दाखवलं. एक हीटर गेलेला होता. आठ दिवस झाले होते म्हणे. कोअर पुरता भाजला गेला नाही की आत ओल राहते, लोखंड ओतलं की तिची वाफ होते आणि नगात भोकं पडतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी विचारलं, मग आठ दिवस बोलला का नाहीस?

त्यानं झाकण परत लावलं, स्क्रू हातानंच आवळला आणि म्हणाला, "हेळिद्र बैतीरी." सांगितलं तर शिव्या देता तुम्ही.